कुंडीच्या तळाशी खडी कशाला?

"गॅलरीत भाजी लावायचीय? तळाशी दोन इंच खडी घाला, वर बागेतली माती भरा, रोज न चुकता पाणी द्या, उन्हात पाणी कधीच देऊ नका आणि टोमॅटो बुडाशी काळे पडले तर कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं नाहीतर एप्सम सॉल्ट घाला." थोड्याफार फरकाने हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतच असतो. ऐकायला सगळं शहाणपणाचं वाटतं. पण यातले बरेचसे सल्ले कुंडीला जमिनीचा छोटा तुकडा समजून दिलेत, आणि घोळ तिथेच आहे.

खडीने निचरा होतो हा यातला सगळ्यात चिवट समज. मातीच्या बारीक पोकळ्यांत पाणी केशाकर्षणाने, म्हणजे वात तेल धरते तसं, धरलेलं असतं. खाली खडीच्या मोठ्या पोकळ्या आल्या की ते सहजासहजी खाली उतरत नाही. वरची माती पुरती चिंब झाली की मगच ठिबकायला लागतं. त्यामुळे कुठल्याही कुंडीच्या बुडाशी ओल्याकच्च मातीचा एक पट्टा राहतोच. त्याची जाडी मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. खडी घातल्याने हा पट्टा जात नाही, दोन इंच वर सरकतो, थेट मुळांपाशी. २० सेंटिमीटरच्या कुंडीत ५ सेंटिमीटर खडी घातली तर पाव कुंडी फुकट गेली ती वेगळीच.

पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज भिजवा आणि आडवा धरा. ठिबकणं थांबलं की न पिळता उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागतं. स्पंज तोच, छिद्रं तीच, फक्त उंची वाढली. खडी घालून आपण नेमकं उलटं करतो, मातीची उंची कमी करतो. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून जाळीचा तुकडा किंवा एखादी खापरी ठेवायला हरकत नाही. भोकच नसेल तर मात्र खडीचा ढीगसुद्धा झाड वाचवणार नाही.

बागेतल्या मातीचं दुखणंही याच जातीचं. जमिनीत खालची माती वरचं पाणी ओढून घेते. कुंडीत खाली ओढणारं काही नसतं. शिवाय वरचेवर पाणी पडून चिकण माती दबते, हवा जायला जागा उरत नाही आणि मुळं कुजतात. त्यापेक्षा कंपोस्ट, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइटसारखं (फुलवलेल्या दगडाचे हलके पांढरे दाणे) भरड काहीतरी एकत्र करून भरा. गॅलरीवर येणारं ओझंही कमी होतं. २० लिटरच्या कुंडीत ओली माती भरली तर वजन ३० किलोच्या पुढे जातं. या मोकळ्या मिश्रणातून पाण्याबरोबर खतही वाहून जातं, म्हणून ते थोडं थोडं पण नेमाने द्यावं लागतं. मेसेजमध्ये खताबद्दल चकार शब्द नाही!

रोज पाणी? पुदिन्याला चालेल, रोझमेरी मरेल. बोट दोन-तीन सेंटिमीटर आत घाला. कोरडं लागलं तर तळातून पाणी निघेपर्यंत द्या, ओल लागली तर हात आवरा. कडक उन्हाळ्यात भरगच्च टोमॅटोला दिवसातून दोनदाही लागेल, ढगाळ हवेत दोन दिवस नाही लागणार.

टोमॅटोचं बूड काळं पडतं ते फळाला कॅल्शियम कमी पडल्याने, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण बहुतेक वेळा कॅल्शियम मातीत असतंच, फळापर्यंत पोचत नाही. ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि पानं जास्त पाणी बाष्प करून हवेत सोडतात म्हणून बराचसा वाटा त्यांनाच मिळतो. कुंडी एकदा खडखडीत वाळली, मग एकदम भिजली, की फळाची उपासमार होते. अंड्याचं टरफल विरघळायला महिनोन्‌महिने लागतात, तोवर हंगाम संपतो. एप्सम सॉल्टमध्ये तर कॅल्शियम नसतंच. ते मॅग्नेशियम सल्फेट आहे, आणि जादा मॅग्नेशियम कॅल्शियमच्या शोषणात आडवं येतं. म्हणजे औषध म्हणून रोगच वाढवायचा. काळी पडलेली फळं काढून टाका, ओल एकसारखी ठेवा आणि टोमॅटोला निदान २० लिटरची कुंडी द्या. लहान डब्यात ओल टिकवणं म्हणजे दिवसभराची राखण.

राहिलं भर उन्हातलं पाणी. थेंब भिंगासारखे काम करून पानं जाळतात, असं सांगतात. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासलं. गुळगुळीत पानांवर काचेच्या गोळ्यांनी डाग पडले, पाण्याच्या थेंबांनी नाही. थेंब पसरट असतो, त्यामुळे किरण पानावर एकवटतच नाहीत. दाट मेणचट लव असलेल्या पानांवर थेंब अधांतरी राहिला तर तो धोका उरतो, म्हणून पाणी बुडाशी घाला. सकाळी दिलेलं उत्तम, बाष्प होऊन कमी उडतं. पण दुपारी दोन वाजता मिरची मान टाकून उभी असेल तर आधी माती चाचपा. ओली असेल तर तो उन्हाचा ताण आहे, ऊन उतरलं की झाड बहुधा आपोआप सावरेल. कोरडी असेल तर संध्याकाळची वाट बघू नका, तिथल्या तिथे पाणी द्या.