"मनात शांती वाटली म्हणजे देवाची इच्छा": त्या फॉरवर्डला माझं उत्तर

आपल्या ख्रिस्ती ग्रुप्सवर सध्या एक मेसेज फिरतोय, "देवाची इच्छा ओळखायच्या पाच खात्रीच्या खुणा". तुमच्याकडे आला नसेल तर थोडक्यात सांगते. एक, निर्णय देवाचा असेल तर मनात शांती वाटते. दोन, दारं आपोआप उघडतात, अडथळे आले तर समजा देव नको म्हणतोय. तीन, प्रार्थना करून पवित्र शास्त्र उघडा, पहिलं दिसेल ते वचन तुमचं उत्तर. चार, देवाच्या सेवकाकडून तुमच्यासाठी शब्द येतो. पाच, चुकलात तर देवाचा प्लॅन कायमचा हातातून गेला.

परवा रात्री साडेअकराला माझ्या मावसबहिणीने हा मेसेज मला पाठवला. ती स्टाफ नर्स आहे, मस्कतला नोकरीची ऑफर आलीये, शुक्रवारपर्यंत कळवायचंय. खाली लिहिलेलं, "ताई, मला शांती वाटत नाहीये, म्हणजे देवाची इच्छा नाही ना?" म्हणून हे लिहायला बसले, कारण या मेसेजमुळे पोरी झोपेनाशा होतात आणि आपण त्याला विश्वास म्हणतो.

आधी शांतीचं बोलू. जुन्या करारातला संदेष्टा योना आठवा. देवाने निनवेला जा म्हटलं, हा तार्शीशला निघाला, आणि तुफानात बाकीचे खलाशी जीव मुठीत धरून आपापल्या देवांचा धावा करत असताना हा तळाशी गाढ झोपलेला. देवापासून पळणाऱ्या माणसाला इतकी शांत झोप! उलट अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता असं शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो, आणि तो तर पित्याच्या इच्छेच्या अगदी मधोमध उभा होता. मग शांती हीच खूण धरली तर योना बरोबर आणि येशू चूक ठरेल ना. लोक नव्या करारातल्या पत्रातलं कलस्सै 3:15 दाखवतात, ख्रिस्ताची शांती अंतःकरणात राज्य करो, पण मागचीपुढची वचनं वाचा, तिथे एकमेकांना क्षमा करा, सहन करा, तुम्ही एक शरीर आहात हे चाललंय, म्हणजे ती मंडळीतल्या माणसांमधली शांती आहे, नोकरी घेऊ की नको याचा तो मीटर नाही.

आता दारं. योनाला याफोला गेल्या गेल्या जहाज मिळालं, भाड्याचे पैसेही खिशात होते, सगळी दारं सताड उघडी आणि माणूस चुकीच्या दिशेला. गावोगावी मंडळ्या उभ्या करणाऱ्या प्रेषित पौलाचं तर दोन्ही बाजूंनी बघा. इफिसहून तो करिंथच्या मंडळीला लिहितो की माझ्यासाठी मोठं दार उघडलंय आणि विरोध करणारे पुष्कळ आहेत, एकाच वाक्यात, विरोध आहे म्हणून निघतो असं नाही म्हणत. आणि त्रोवसला प्रभूनेच दार उघडलेलं, पण त्याचा सहकारी तीत भेटला नाही म्हणून याच्या जिवाला चैन पडेना, तर तो निरोप घेऊन सरळ मासेदोनियाला गेला (2 करिंथ 2:12-13). उघडं दार सोडून गेला! आणि देव त्याला कुठेही रागावलेला दिसत नाही. मला हे वचन फार जवळचं आहे.

आपल्या घरचं उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई. 1893 ला त्यांच्या पुण्यातल्या शारदा सदनावर, म्हणजे विधवांसाठी काढलेल्या शाळेवर, धर्मांतराचा आरोप झाला, रानडे, भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. नंतर मध्य प्रांतातल्या दुष्काळातून मुली आणल्या तर पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून त्यांना केडगावला न्यावं लागलं. फॉरवर्डच्या हिशोबाने बाईंनी 1893 लाच गाशा गुंडाळायला हवा होता. त्यांनी केडगावला उभं केलेलं मुक्ती मिशन आजही उभं आहे.

तिसरा मुद्दा, पवित्र शास्त्र कुठेही उघडायचं. आमच्या आजीचं जुनं पवित्र शास्त्र कसंही उघडा, स्तोत्र 91 च निघतं. का? ती रोज रात्री तेच वाचायची, तिथली शिवण सैल झालीये, पानाच्या कोपऱ्याला तिच्या तेलकट अंगठ्याचा डाग आहे. लहानपणी मला वाटायचं देव बोलतोय. बोलत होता म्हणा, पण तो आजीच्या तीस-चाळीस वर्षांच्या वाचनातून. आणि बघा, हेच स्तोत्र 91 सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावर म्हणून दाखवलं, उडी टाक, देवदूत तुला झेलतील. येशूने उत्तर दिलं की आपल्या देवाची परीक्षा पाहू नको. संदर्भातून तोडलेलं खरं वचनसुद्धा माणसाला खाली ढकलू शकतं. आमच्या घराण्यात तीन पिढ्यांमागे देवळात कौल लावायचे, आम्ही पवित्र शास्त्र हातात घेतलं आणि त्यालाच कौल लावायला लागलो तर मग बदललं काय?

चौथ्यावर मला खरंच राग आहे आणि तो लपवत नाही. एका उपवास प्रार्थनेत एका भावाने माझ्या मैत्रिणीला सांगितलं, प्रभूने मला दाखवलंय, तू माझी बायको होणार. ती विशीत होती, घाबरली, सहा महिने देवाला नाही कसं म्हणू म्हणून रडली. तिला जुन्या करारातला 1 राजे 13 हा अध्याय कोणीच वाचून दाखवला नाही. तिथे देवाच्या माणसाला देवाने स्पष्ट सांगितलेलं, इथे खाऊपिऊ नको, मग एक म्हातारा संदेष्टा येऊन म्हणाला मलाही देवदूताने सांगितलंय, चल घरी जेवायला. ते खोटं होतं. तो गेला आणि वाटेत सिंहाने त्याला मारलं. सल्ला जरूर घ्या, नीतिसूत्रं तेच सांगतात, पण सल्ला देणारा "मला वाटतं" म्हणतो आणि तुम्हाला नाही म्हणायला जागा ठेवतो. लग्नाबद्दल तर पौल विधवेला लिहितो की तिला पाहिजे त्याच्याशी करायला ती मोकळी आहे, फक्त प्रभूमध्ये. "तिला पाहिजे त्याच्याशी", हे शास्त्रातच लिहिलंय.

पाचव्याला फार वेळ देत नाही. आधीच्या प्रवासात अर्ध्यातून सोडून गेलेल्या मार्कला पुन्हा सोबत न्यायचं का, यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा इतके भांडले की वेगळे झाले, कोण बरोबर हे लूक सांगतच नाही, आणि शेवटी तोच पौल लिहितो की मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. प्लॅन हातातून गेला असता तर ही ओळ आली कुठून?

मग करायचं काय? देवाची इच्छा हीच आहे असं थेट म्हणून सांगितलेल्या गोष्टी थेस्सलनीकाच्या पहिल्या पत्रात आहेत, तुमचं पवित्रीकरण व्हावं, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. मस्कत की सांगली हे त्यात नाही, त्यासाठी याकोब आपल्या पत्रात म्हणतो ज्ञान मागा, देव दोष न लावता देतो. म्हणजे डोकं वापरायला देवाचीच परवानगी आहे.

बहिणीला मी फोन करून एवढंच विचारलं, शांती नेमकी कशाची नाहीये? दोन मिनिटं गप्प राहिली, मग म्हणाली, "अण्णांचं डायलिसिस, ताई. मंगळवार, गुरुवार, शनिवार. मी गेले तर कोण नेणार?" देव नको म्हणतोय की काय असं जे तिला वाटत होतं ते हे होतं. काल तिच्या भावाने मंगळवार आणि शनिवार घेतलेत, गुरुवारसाठी मंडळीतल्या एका रिक्षावाल्या काकांना विचारलंय, त्यांचं उत्तर आज संध्याकाळी येईल.