लोकर होती, सुई नव्हती

"फिरायला चाललीस ना? मग ते विणकामाचं लोढणं कशाला सोबत? जरा निसर्ग बघ की!" हे मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. आधी सासूबाई म्हणायच्या, मग नवरा म्हणायला लागला, आता मुलगीही म्हणते. आज सगळ्यांना एकदमच उत्तर देते, कारण विणकामाशिवाय मी निसर्ग कसा बघते याचा प्रयोग आयताच होऊन गेलाय.

जुलै २०२३ मध्ये मनालीत जे पर्यटक अडकले त्यांत आम्हीही होतो. ९ आणि १० जुलैला बियास नदीने काय केलं ते तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंत. आम्ही नाही पाहिलं, कारण वीज नव्हती आणि मोबाइलला रेंज नव्हती. मंडीचं पंचवक्त्र मंदिर पाण्यात गेल्याचं, उंचावरच्या चंद्रताल सरोवरापाशी माणसं बर्फात अडकल्याचं आम्हाला घरी आल्यावर कळलं. लोकांची घरंदारं गेली, माणसं गेली. त्यापुढे माझं रडगाणं कशातच जमा नाही, हे आधीच सांगते. आमचं हॉटेल नदीपासून उंचावर होतं, डाळभात दोन्ही वेळा मिळत होता. कुल्लूकडे जाणारा रस्ता जागोजागी वाहून गेलेला, त्यामुळे खाली उतरायचं नाव नाही. करायला काही नव्हतं, एवढंच.

आणि माझ्या पिशवीत पिस्ता रंगाची लोकर होती, पण सुई नव्हती. ती विमानतळावरच्या तपासणीत गेली. चार मिलीमीटरची ॲल्युमिनियमची क्रोशाची सुई! पुढे आकडा, टोक बोथट. तिने फार तर पाठ खाजवता येईल. "मॅडम, नुकीली चीज़ है." अमेरिकेत विणायच्या सुया हातसामानात चालतात, असं मी सांगून पाहिलं. त्यावर ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं गेलं, त्यानंतर मी लोकर उचलली आणि मुकाट्याने पुढे झाले. नवरा रांगेत मागे ओळखपाळख नसल्यासारखा उभा.

तर, निसर्ग. खिडकीबाहेर देवदार होते, डोंगरावर ढग उतरत होते, सगळं होतं. मी काय बघत होते? मोबाइल. रेंज येणार नाही हे माहीत असून, बॅटरी वाचवायची असं ठरवून, तरीही दर दोन मिनिटांनी हात तिकडेच. बाकीच्या वेळात नवऱ्याशी वाद. गाडी आदल्या दिवशीच का नाही काढली, हा विषय किती वेळा उगाळला ते विचारू नका. त्या दिवशीचं एक झाडही मला आठवत नाही.

मग बोटांनीच सुरू केलं. बोटाने साखळी छान घालता येते, लहान मुलांना शिकवतात तशी. मुका खांब, म्हणजे क्रोशाचा आखूड टाका, तोही ओढूनताणून जमतो. खांब, म्हणजे उंच टाका, मात्र इतका सैल पडतो की विचारता सोय नाही. भाचीच्या बाळाचं टोपरं करायचं होतं. जे झालं त्याच्या एकेका भोकातून बाळाची मूठ बाहेर आली असती. उसवलं. टूथब्रशच्या दांड्याने करून पाहिलं, तेही उसवलं.

शेवटी हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या बाईंनी सोडवलं. त्या लाहौलकडच्या. चुलीशी बसून मोजे विणत होत्या, तिकडचे ते रंगीत नक्षीचे. लाहौलच्या विणलेल्या मोजे-हातमोज्यांना आता जीआय, म्हणजे त्या भागाची खास वस्तू असल्याचं मानांकनही आहे. हातात चार-पाच बारीक सुया, नजर दुधावर, आणि तोंडाने पोराला दटावणं चालू. मी नुसती बघत उभी राहिले तर त्यांनी काही न विचारता दोन तारा काढून दिल्या. सायकलच्या चाकाच्या! टोकं घासून गुळगुळीत केलेली. माझ्या जाड लोकरीला त्या फारच बारीक, वीण पुठ्ठ्यासारखी कडक येत होती. म्हटलं येऊ दे.

आणि त्या संध्याकाळपासूनचं मला सगळं आठवतं. साधी सुलट वीण अंधारातही बोटांना कळते, तिला मेणबत्ती लागत नाही. त्यामुळे डोळे मोकळे, कान मोकळे. नदीतून मोठाले दगड गडगडत जायचे, एकमेकांवर आपटायचे, तो आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. आधीही तो येतच असणार. बाईंनी त्यांच्या गावातल्या हिवाळ्याच्या गोष्टी सांगितल्या, कारण दोघींचे हात चालू होते. तोंडाकडे तोंड करून बसलो असतो तर "कहाँ से हो" याच्या पुढे गाडी गेली नसती.

आमच्या ग्रुपमधल्या पुरुषांनी पत्त्यांचे दोन कॅट आणले होते, त्यांना मात्र कोणी "निसर्ग बघा" म्हणालं नाही हं.

अडकलेल्या माणसांना असलं काहीतरी लागतंच. ध्रुवीय मोहिमांवर जाणाऱ्या शॅकल्टनचं सांगते. अंटार्क्टिकात त्याचं एन्ड्युरन्स जहाज बर्फात चिरडलं गेलं, १९१५ साली. बर्फावरून चालत निघायचं म्हणून प्रत्येकाला स्वतःचं सामान किलोभरापेक्षाही कमी ठेवायला सांगितलं. त्याने स्वतःकडची सोन्याची नाणी बर्फात टाकली. पण हवामानतज्ज्ञ हसी याचा बँजो मात्र आग्रहाने सोबत घ्यायला लावला, माणसांच्या मनाला ते औषध आहे म्हणून. पुढे एलिफंट बेटावर २२ माणसं उलट्या घातलेल्या होड्यांखाली साडेचार महिने राहिली, तेव्हा तो बँजो वाजत होता. ऑगस्ट १९१६ मध्ये सगळेच्या सगळे जिवंत सुटले. सोन्यापेक्षा बँजो आधी भरणारा टीमलीडर आमच्या ग्रुपला मिळाला असता तर!

परवा हे नणंदेला ऐकवलं. ती म्हणाली, "वहिनी, बँजो निदान सगळ्यांना ऐकू तरी येतो. तुझ्या टोपऱ्याचा आम्हाला काय उपयोग?" बिनतोड आहे. फक्त मनालीच्या त्या अंधारात माझ्या शेजारी बसून, लोकरीचा गुंता सोडवत, "मला पण दोन ओळी करू दे ना गं" असं कोण म्हणत होतं, ते तिनेच इथे खाली लिहावं.