उकळून नायट्रेट जात नाही

'विहिरीचं पाणी उकळलं की नायट्रेटची काळजी नको' हे लेखातलं वाक्य कृपा करून दुरुस्त करा. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट, म्हणजे खतांतून-सांडपाण्यातून पाण्यात उतरणारा क्षार, तिथेच राहतं, आणि पाणी आटलं की त्याचं प्रमाण उलट वाढतं. मी पाणी तपासते. नायट्रेटला ना रंग, ना वास. चाचणीपट्टी गुलाबी झाली तरच कळतं.

सगळ्यात जास्त धोका या पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध बाटलीने पिणाऱ्या तान्ह्या बाळांना. रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते, ओठ-नखं निळसर पडतात. जागतिक आरोग्य संघटनेची लिटरला 50 मिलिग्रॅमची मर्यादा मुळात त्यांच्यासाठीच आहे. आणि पाणी आवर्जून उकळणाऱ्या आयाच तुमचा सल्ला आधी पाळतील! आरओने नायट्रेट कमी होतं, साध्या कोळशाच्या फिल्टरने नाही, हेही लिहा.