डनब्लेन: कायद्याआधीची सह्यांची मोहीम
मी वाचलेल्या एका लेखात स्कॉटलंडमधील डनब्लेनच्या प्राथमिक शाळेतील १३ मार्च १९९६ च्या गोळीबाराचा उल्लेख आला आहे, मात्र पुढे १९९७ साली ब्रिटनमध्ये पिस्तुलांवर आलेल्या बंदीचे सारे श्रेय सरकारला दिले आहे, ते मला पटले नाही. व्यायामशाळेत पाच-सहा वर्षांची सोळा मुले आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या, आणि मारेकऱ्याकडची पिस्तुले रीतसर परवान्याची होती, ही बाब गावाला सर्वाधिक झोंबली. त्यातूनच ‘स्नोड्रॉप’ मोहीम उभी राहिली. मार्चमध्ये तिकडे फुललेल्या त्या इवल्याशा पांढऱ्या फुलाचे नाव घेऊन सामान्य माणसांनी पिस्तूलबंदीच्या मागणीसाठी सात लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. या गोळीबाराची चौकशी करणारे न्यायाधीश लॉर्ड कलन यांच्या अहवालाने सरसकट बंदी सुचवली नव्हती, हेही लक्षात घ्यावे.

व्यायामशाळेची ती इमारत महिन्याभरातच पाडून टाकण्यात आली. टेनिसपटू अँडी मरे त्या दिवशी, आठ वर्षांचा असताना, त्याच शाळेत होता. त्याच्या २०१२ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकानंतर गावातली एक लाल टपालपेटी सोनेरी रंगवली गेली. तोवर डनब्लेन म्हटले की लोकांना एवढा एकच दिवस आठवत असे.