पत सरहद्द ओलांडत नाही

गेले काही आठवडे व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. त्यातले दावे चार. परदेशात गेलेल्या बायकांचे छोटे धंदे म्हणजे रिकाम्या वेळेची हौस. हे धंदे आपल्याच लोकांच्या दयेवर चालतात. अशा बायकांना दिलेलं कर्ज बुडतं. आणि एवढी हुशारी असेल तर त्यांनी सरळ नोकरी करावी. मला तो पाच जणांनी पाठवला. त्यातल्या दोघी बायकाच होत्या, म्हणून जास्त लागलं.

हौस आणि नोकरी हे दोन दावे एकत्रच घेते, कारण एकाचं उत्तर दुसऱ्यात आहे. नोकरी का करत नाहीत? कितीजणींना करूच देत नाहीत. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारांना मे २०१५ पर्यंत जोडीदाराच्या व्हिसावर कामाची परवानगीच नव्हती. नंतर मिळाली, तीही सगळ्यांना नाही. ज्यांच्या घरचं ग्रीनकार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यावर पोचलंय त्यांनाच. ज्यांना परवानगी आहे त्यांच्यापुढे पदवीचा प्रश्न उभा राहतो. बाहेरून शिकून आलेल्या डॉक्टरला तिथे पुन्हा परीक्षा द्याव्या लागतात आणि बहुतेकदा रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं काही वर्षांचं प्रशिक्षणही, नव्याने करावं लागतं. मग हातात कला आहे, मुलं शाळेत असतात तेवढे तास मोकळे आहेत, आणि घरभाडं तर दर महिन्याला भरायचंच आहे. यातून उभ्या राहिलेल्या कामाला हौस म्हणणाऱ्याने तिचा महिन्याचा हिशेब एकदा तरी बघावा.

आता दयेचा दावा. सगळ्यात चुकीचा हाच आहे, आणि लोकांना सगळ्यात पटणाराही हाच.

मी काही वर्षं दर गुरुवारी वाचनालयाच्या खोलीत अशा बायकांबरोबर बसते, अर्ज भरायला मदत करते. तिथे एक शिवणकाम करणारी आली होती. मायदेशी अकरा वर्षं तिचं स्वतःचं दुकान होतं. कर्जाच्या अर्जात गेल्या तीन वर्षांचे स्थानिक पत्ते आणि क्रेडिट हिस्ट्री, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद, मागितली होती. तिला येऊन चौदा महिने झाले होते. अकरा वर्षांत कुणाचा एक पैसा थकवला नव्हता, पण ते लिहायला अर्जात जागाच नव्हती. माणूस सामान घेऊन विमानात बसतो. त्याची पत मागेच राहते. नव्या देशातल्या बँकेला तो कालच जन्मल्यासारखा दिसतो.

आमच्या गुरुवारच्या गटातल्या बायकांनी तिला काय दिलं? एकीने आपल्या लाँड्रीत खिडकीजवळचा कोपरा भाड्याने दिला. दुसरीने करारातली बारीक अक्षरं वाचून दाखवली. तिसरीने तिच्या दरपत्रकावर बोट ठेवून विचारलं, ‘‘शिवण्याचे पैसे घेतेस, मग उसवण्याचे का नाही? जास्त वेळ तर त्यातच जातो.’’ तिच्याकडे उत्तर नव्हतं. त्या आठवड्यात तिने प्रत्येक कपड्याचे तास वहीत लिहिले आणि पुढच्या गुरुवारी दर बदलून आली. दया करणारा असे प्रश्न विचारत नाही.

ही रीत जुनी आहे. १९४८ नंतर कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनला गेलेल्यांना बँका कर्ज नाकारत आणि घरमालक दार लावून घेत. त्यांनी ‘पार्डनर’ चालवली. आपण जिला भिशी म्हणतो, तीच. आठवड्याचा हप्ता म्हणजे ‘हँड’, एकरकमी मिळणारा पैसा म्हणजे ‘ड्रॉ’, आणि पैसे सांभाळणारी ‘बँकर’. हो, बहुतेकदा बाईच. त्या पैशांतून अनेकांनी पहिल्या घराची अनामत भरली. भिशीत तुम्हाला पैसे मिळतात ते तुम्हीच भरलेले, आणि पाळी आली म्हणून. यात दया कुठे आली?

आणि आधार फक्त बाहेरून आलेल्यांनाच लागतो असंही नाही. अमेरिकेत १९८८ चा महिलांच्या व्यवसाय मालकीचा कायदा होईपर्यंत काही राज्यांत तिथेच जन्मलेल्या बाईलाही धंद्याच्या कर्जासाठी घरातल्या पुरुषाची सही लागायची.

स्वयंपाकाच्या धंद्यात अडचण आणखी वेगळी असते. घरच्या चुलीवर केलेले मांसाचे पदार्थ विकायला अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मनाई असते, आणि परवाना असलेलं स्वयंपाकघर नव्या माणसाला परवडत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतली ‘ला कोसिना’ ही संस्था २००५ पासून असं स्वयंपाकघर सामायिक वापरायला देते, सोबत हिशेब आणि परवान्यांचं शिक्षणही. नेपाळहून आलेल्या बिनिता प्रधान यांचं मोमोंचं ‘बिनीज किचन’ तिथूनच पुढे आलं.

कर्ज बुडतं म्हणता? बांगलादेशात ग्रामीण बँक काढणाऱ्या मुहम्मद युनूस यांची ‘ग्रामीण अमेरिका’ ही छोटी कर्जं देणारी संस्था २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये सुरू झाली. पाच-पाच बायकांचे गट, तारण काही नाही, दर आठवड्याला बैठक. कर्जदारांत स्थलांतरित बायकाच जास्त. संस्था परतफेड ९९ टक्क्यांहून जास्त सांगते. संस्थेचा स्वतःचा आकडा म्हणून तो बाजूला ठेवला, तरी न्यू जर्सीतल्या युनियन सिटीत एमडीआरसी या संशोधन संस्थेने कर्ज मिळालेल्या आणि न मिळालेल्या बायकांची तुलना केलीच आहे. गट चिठ्ठ्या टाकावेत तसे पाडले होते. कर्जाने घरं बुडाली नाहीत; उलट कर्ज मिळालेल्यांच्या घरची आर्थिक ओढाताण कमी झाली.

मजकुरात नसलेली, पण खरी असलेली एक गोष्ट मला सांगायलाच हवी. आपली माणसं नडतातही. ‘‘आपलीच आहेस, थोडं कमी कर’’ हे वाक्य मी दर महिन्याला ऐकते. पैसे सांभाळणारीने हात वर केले तर भिशी बुडते, आणि तक्रार करायला कागद नसतो. नातेवाइकाच्या दुकानात ‘शिकायला’ म्हणून बायकांना पगाराविना राबवलेलंही मी पाहिलंय. यावर जरूर लिहा, कडक लिहा. पण त्यात दोष राबवणाऱ्याचा आणि फुकट मागणाऱ्याचा आहे, धंदा करणाऱ्या बाईचा नाही.

ज्या पाच जणांनी मला तो मजकूर पाठवला, त्यांना हे पाठवतेय. कर्ज बुडवलेल्या बायकांचा खरा आकडा कुणाकडे असेल तर तो मला दाखवा. गुरुवारी संध्याकाळी मी वाचनालयात असते.