सहा लाखांचं कर्ज काढायच्या आधी

परवा रविवारी भाची आली होती. जावयांची नोकरी मार्चमध्ये गेली, घराचा हप्ता चालू, मुलगी दुसरीत. तिने लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला. क्लाउड किचन काढायचंय, म्हणजे बसून खायची सोय नसलेलं, फक्त घरपोच जेवण देणारं स्वयंपाकघर. त्यासाठी सहा लाखांचं कर्ज. गाळ्याचं डिपॉझिट, आतलं फर्निचर, मोठा फ्रीज, लोगो, जाहिरात, सगळं व्यवस्थित मांडलेलं. "मावशी, तू डब्यांचा धंदा केलायस, तू सांग."

मी विचारलं, तुझा डबा घेणारे दहा जण कोण, त्यांची नावं सांग. तिला सांगता आली नाहीत. त्यावर आम्ही रात्री अकरापर्यंत बोलत बसलो. तेव्हा बोलले ते इथे लिहितेय, कारण गेल्या वर्षभरात हाच प्रश्न मला बऱ्याच जणींनी विचारलाय.

आधी एक सांगते. "मंदी म्हणजे संधी" असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. 2020 मध्ये आमच्या चिंचवडच्या रस्त्यावरची कितीतरी दुकानं बंद झाली. ती माणसं आळशी नव्हती आणि त्यांना धंदा कळत नव्हता असंही नाही. भाडं चालू होतं आणि गिऱ्हाईक नव्हतं, एवढंच. वाईट काळात धंदा काढावा लागतो तो पर्याय नसतो म्हणून. तसाच मीही काढला. जून 2020 मध्ये भोसरीच्या वर्कशॉपमधलं ह्यांचं काम सुटलं आणि हातात दीड महिन्याचा खर्च भागेल एवढे पैसे होते.

मी शोधायला कुठे गेले नव्हते. आमच्या सोसायटीने कामवाल्या बायकांना आत यायला बंदी केली होती. खालच्या मजल्यावरच्या काकूंचे गुडघे गेलेले, काका पंच्याहत्तरीचे, पोळ्या लाटणाऱ्या बाई गेटबाहेर अडकलेल्या. काकूंनी जिन्यातून हाक मारून विचारलं, रोज आठ पोळ्या देशील का गं? हे माझं पहिलं गिऱ्हाईक. आठवड्यात अशी सहा घरं झाली. मग कुणाकडे कोरोनाचा पेशंट निघाला की त्या घराच्या दाराशी डबा ठेवायचा, बेल वाजवायची आणि मागे सरकायचं. पाटी नव्हती, नाव नव्हतं, घरातली परात आणि तवा एवढंच भांडवल. म्हणून भाचीला म्हटलं, आधी दहा घरांना पंधरा दिवस डबा दे. सोळाव्या दिवशी त्यांनी पैसे देऊन पुन्हा मागितला तर पुढचं बोलू. लोगो कधीही काढता येतो.

हिशेब शिकायला मात्र मला आठ महिने लागले. पोळी 5 रुपयांना द्यायचे. किलोभर कणकेत माझ्या हाताने 30 पोळ्या होतात. कणीक, तेल आणि गॅस धरून पोळी दोन-सव्वादोन रुपयांना पडते, म्हणजे पावणेतीन रुपये सुटले असं मी खुशाल समजत होते. ऑर्डरी वाढल्या तशा लाटायला एक ताई ठेवल्या, पोळीमागे दीड रुपया. त्या रात्री वही घेऊन बसले. कणकेचे 1.30, तेल-मिठाचे 40 पैसे, गॅसचे 40, फॉइल आणि पिशवीचे 30, ताईंचे 1.50. झाले 3.90. उरतो 1 रुपया 10 पैसे. त्यातच उरलेल्या पोळ्या, करपलेल्या पोळ्या, पोचवायचं पेट्रोल. तेव्हा कळलं की आठ महिने नफा म्हणून जे मोजत होते ती माझीच मजुरी होती. पहाटे साडेचारला उठून लाटल्याची मजुरी.

घरच्या बाईच्या कष्टाची किंमत वहीत लिहायची आपल्याला सवयच नाही. ती लिहा. मी पहिल्या दिवसापासून स्वतःला पगार लावायला हवा होता, थोडा का होईना. आता महिन्याच्या एक तारखेला धंद्याच्या खात्यातून माझ्या खात्यात ठरलेली रक्कम येते. घरात कितीही अडचण असली तरी त्यापलीकडे गल्ल्याला हात लावत नाही. मुलाची फी गल्ल्यातून भरली की पुढच्या आठवड्यात तेलाच्या डब्याला पैसे नसतात, हे मी भोगलंय.

तेलावरून आठवलं. दीड हजाराच्या आसपासचा 15 किलोचा डबा 2021 च्या उन्हाळ्यापर्यंत अडीच हजाराच्या घरात गेला. ओळखीच्या एकींनी पोळी लहान केली, भाजीत पाणी वाढवलं. मी सगळ्यांना निरोप पाठवला की तेल महाग झालंय, सोमवारपासून पोळी 6 रुपये, आकार तोच राहील. चार घरं सुटली. तीन महिनाभरात परत आली. लोकांना महागाई कळते, त्यांच्याही घरात तेच तेल येतं. गुपचूप कमी दिलेलं मात्र विसरत नाहीत.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले, ते उधारीचं. माझा धंदा एकदाच बंद पडायला आला आणि तो सगळ्यात जास्त विक्रीच्या दिवसांत. ऑक्टोबर 2021 मध्ये जवळच्या एका छोट्या कंपनीची ऑर्डर मिळाली. रोज 45 थाळ्या, थाळी 70 रुपये, महिन्याने बिल. थाळीमागे 18 रुपये सुटत होते, म्हणजे 26 दिवसांचे 21 हजार. आम्ही घरी पेढे वाटले. पण तेच गणित दुसऱ्या बाजूने कुणी मांडलं नाही. थाळीमागे 52 रुपये माझे आधी जाणार होते. महिन्याला जवळजवळ 61 हजार. भाजीवाला रोख मागतो, गॅसवाला रोख मागतो, ताईंचा पगार थांबवता येत नाही. पहिलं बिल दिलं, तर म्हणाले पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून देतो. दोन महिन्यांत सव्वा लाखाच्या जवळ माझे अडकले आणि डिसेंबरमध्ये मी दोन बांगड्या सराफाकडे ठेवून किराणा भरला. वहीत नफा दिसत होता, डब्यात चिल्लर नव्हती. पैसे शेवटी आले, पाचव्या महिन्यात, तेही काटछाट करून.

भांडायला माझ्याकडे कागदच नव्हता. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, 1 जुलै 2020 पासून सुरू झालेली, ऑनलाइन, आधारवर, फुकट. मी आळस केला होता. नोंदणी झालेल्या लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, असा लहान उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यातच नियम आहे. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे. पण नोंदणी माल देण्याच्या आधीची हवी आणि ऑर्डर लेखी हवी. त्यामुळे पहिली मोठी ऑर्डर घ्यायच्या आत नोंदणी करून टाका, आणि हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका. अन्न परवान्याचंही तेच. मी काढला तेव्हा लहान व्यवसायाच्या नोंदणीला वर्षाला 100 रुपये फी होती.

तेव्हापासून माझा नियम आहे की कंपनीला डबा द्यायचा तर पंधरा दिवसांचे पैसे आधी. दहातले सहा जण नाही म्हणतात. जाऊ देत.

त्या डिसेंबरात ह्यांनी मला लिज्जतची गोष्ट पुन्हा सांगितली. 15 मार्च 1959 ला गिरगावातल्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, हे आपण शाळेपासून ऐकतो. मला त्यातल्या दोनच गोष्टी जवळच्या वाटतात. पहिल्या वर्षी पाऊस लागला आणि पापड वाळेनात, काम थांबलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणली, वर पापड पसरले, खाली शेगडी पेटवली. मोठं यंत्र नाही, साधी खाट. आणि दुसरी म्हणजे बायकांना लाटणावळ रोजच्या रोज मिळते, म्हणून विक्रेत्याकडूनही माल देताच रोख घ्यायचे. रोज देणं आहे तर रोज येणं हवं. माझ्या 45 थाळ्यांमध्ये नेमकं हेच उलटं झालं होतं.

कर्ज वाईटच असतं असं मी म्हणत नाही. मीही घेतलंय, मुद्रा योजनेतलं शिशु गटाचं, 50 हजारांपर्यंत मिळतं ते. त्यातून कणीक मळायचं मशीन आणलं. त्या मशीनने रोजचे दोन तास वाचवले आणि स्वतःचा हप्ता स्वतः फेडला. कर्ज अशा वस्तूसाठी घ्यावं. डिपॉझिट, फर्निचर आणि घरखर्चासाठी घेतलेलं कर्ज पहिल्या महिन्यापासून हप्ता मागतं आणि कमावून काहीच देत नाही. भाचीच्या सहा लाखांतले साडेचार लाख तसलेच होते. मी त्या ओळींवर पेन्सिलीने खुणा केल्या तेव्हा तिचे डोळे भरून आले. वाईट वाटलं, पण खुणा पुसल्या नाहीत.

जावई सगळं ऐकत होते. जाताना म्हणाले, मला स्वयंपाक येत नाही, पण पोचवायचं आणि वहीचं काम मी घेतो. मला त्या सगळ्या कागदांपेक्षा हे बोलणं जास्त भरवशाचं वाटलं.

गुरुवारपासून दोघं पहाटे माझ्याकडे येणार आहेत. महिनाभर ती माझ्याबरोबर लाटेल, रोजची मजुरी रोज घेईल, आणि ते माझे डबे पोचवता पोचवता स्वतःची दहा घरं शोधतील. काल रात्री तिचा मेसेज आला, "मावशी, सहा घरं झाली, दोघं आधी पैसे देतायत." मी तिला परात घेऊन ये म्हटलंय, माझी एक पुरायची नाही.