बंदराचे साहेब झालात? मग हे वाचाच

अभिनंदन! बंदर प्राधिकरणाची खुर्ची मिळाली. जहाजातलं काही कळत नसेल तर काळजी नको, मंत्र्यांना ज्यातलं कळतं ते कळलं की पुरतं. एक मात्र ध्यानात ठेवा, मंत्री बदलला की तुमचीही उचलबांगडी ठरलेली, म्हणजे बंदर खाजगी कंपनीला चालवायला देणाऱ्या 30 वर्षांच्या करारावर सही करायला तुमच्या हातात जेमतेम दीडदोन वर्षं आहेत, तेव्हा लागा कामाला.

आधी नाव ठरवा, जहाजांचं नंतर बघू. श्रीलंकेत हंबनटोटाचं बंदर 2010 ला सुरू झालं तेव्हा खुर्चीवर असलेल्या राष्ट्राध्यक्षांचंच नाव दिलं त्याला, जहाजं काय येतील सावकाश. ती काही फारशी आली नाहीत आणि 2017 ला ते 99 वर्षांच्या लीजवर चिनी कंपनीच्या ताब्यात गेलं, साधारण 112 कोटी डॉलरला. 99 आकडा छान आहे, सही करणाऱ्यांपैकी जाब द्यायला कोणी उरतच नाही.

मग येतं लँडलॉर्ड मॉडेल. कागदावर खरंच चांगलं आहे हो ते, जमीन आणि धक्का सरकारचा, क्रेन आणि माणसं ऑपरेटरची, आणि प्राधिकरणाने फक्त लक्ष ठेवायचं, दर बघायचे, दोन टर्मिनल एकाच्याच खिशात जात नाहीत ना ते बघायचं. आता लक्ष ठेवायचं म्हणजे करार वाचणं आलं, म्हणून करार गोपनीय करून टाका, म्हणजे तुम्हालाही वाचायला नको. दार-ए-सलामचं बघा, टांझानिया सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये दुबई सरकारशी या बंदराबाबत करार केला, संसदेपुढे आला जून 2023 ला, लोकांना तेव्हा कुठे पत्ता लागला आणि बोंबाबोंब झाली, टीका करणाऱ्या काहींना आत टाकलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुबईच्या कंपनीशी 30 वर्षांच्या करारावर सह्या झाल्या. चर्चा केली नाही म्हणता? पोलीस स्टेशनात झाली की सविस्तर.

आणि नंतर पटलं नाही तर आफ्रिकेतल्या जिबूतीसारखं करा, 2006 ला दुबईच्याच कंपनीला 30 वर्षांसाठी दिलेलं टर्मिनल 2018 ला काढून घेतलं, मग लंडनच्या लवादात बरेच निकाल त्यांच्या विरोधात गेले. ते पैसे पुढचा साहेब बघेल.

आता स्टेकहोल्डर, म्हणजे बंदराशी ज्यांचं पोट बांधलेलं ते सगळे. हा शब्द भाषणात तीनदा तरी यायला हवा. गोदी कामगार, क्लिअरिंग एजंट, ट्रकवाले, मच्छीमार सगळ्यांना बोलवा, पण भराव टाकून झाल्यावर. पर्यावरणाचा अहवाल हजार पानांचा असू द्या, मच्छीमारांना न येणाऱ्या भाषेत असू द्या, आणि सुनावणी नेमकी बोटी समुद्रात असतात त्या वेळेला लावा, मग 'कोणाचीही हरकत नव्हती' हे वाक्य तुम्हाला खोटं न बोलता लिहिता येतं. केरळात विळिंजम बंदराचा करार 2015 चा, किनारा खचतोय म्हणत मच्छीमार गेटवर येऊन बसले 2022 ला, शंभराहून जास्त दिवस. मधली सात वर्षं मोजा की, तेवढ्यात तुमच्यासारखे चार साहेब निवृत्त होतात.

ट्रकवाल्यांचं टेन्शन तर घेऊच नका. नायजेरियात लागोसच्या अपापा बंदरात 2006 पासून टर्मिनलं खाजगी कंपन्यांकडे आहेत, पण गेटबाहेरच्या रस्त्याचा वाली कोण हे काही ठरेना आणि ट्रक कित्येक दिवस, कधी आठवडे पुलावर उभे असायचे. आत कंटेनर अडकला की डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, चढतं, ते व्यापारी भरतो, व्यापारी गिऱ्हाइकाकडून काढतो, आणि गिऱ्हाईक तुमच्या मीटिंगला कधीच येत नाही, इतका समंजस स्टेकहोल्डर दुसरा मिळायचा नाही.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच, बंदर नेमकं कोणाचं हे कधी ठरू देऊ नका. लेबनॉनमधल्या बैरूतचं बंदर 1990 च्या दशकापासून एक 'तात्पुरती' समिती चालवत होती, बाजूला कस्टम, लष्कर, इतर सुरक्षा यंत्रणा, प्रत्येकाचा थोडा थोडा हात. तिथल्या गोदामात 2014 पासून 2750 टन अमोनियम नायट्रेट, म्हणजे स्फोट होऊ शकणारं रसायन, पडून होतं. हलवा म्हणून कस्टमवाल्यांनी न्यायाधीशांना एकामागून एक पत्रं लिहिली. 4 ऑगस्ट 2020 ला स्फोट झाला, 200 हून जास्त माणसं गेली. पत्रं रेकॉर्डवर आहेत, तारखेसकट. तुम्हीही पत्र लिहीत चला साहेब, आणि पोच घ्यायला विसरू नका.